घरातली दुरुस्ती : जीपचे पाटे बदलताना

मैत्रिणींनो,

मागच्या खेपेला आपण कुकरच्या रबरी रिंगविषयी बोललो होतो. रिंग दिसायला धडधाकट असते, कुठे चिरलेली नसते. पण रबर कडक झालं की वाफ धरत नाही, आणि आपण मात्र डाळीला दोष देत बसतो. आजही गोष्ट रबराचीच आहे. फक्त स्वयंपाकघरातून जरा अंगणात यायचं आहे, जिथे आमची जुनी जीप उभी असते.

तुम्ही म्हणाल, “गाडीबिडीचं पुरुषमंडळी बघतील. आपल्याला काय त्यातलं कळतंय?” अगदी खरं सांगते, गेल्या मे महिन्यापर्यंत मीही हेच म्हणत होते. पण त्या गाडीत बसतं कोण? आपली मुलं, आपली म्हातारी माणसं आणि आपण स्वतः. मग थोडं कळून घेतलं तर बिघडलं कुठे?

आमची जीप महिंद्राची. मामंजींनी १९९४ साली घेतली आणि लेकरासारखी सांभाळली. आम्ही राहतो चिपळुणात, पण आंब्याची बाग आहे गावी. बागेपर्यंतचा रस्ता म्हणजे जांभ्या दगडांचा चढ. पावसाळ्यात तिथे ओढाच वाहतो. नव्या गुळगुळीत गाड्या तिथे अर्ध्यावर माना टाकतात, आमची जीप मात्र पुढची-मागची चारही चाकं लावून वर जाते. हंगामात पेट्या खाली आणायच्या आणि मग कुंभार्ली घाट चढून कराडला पोचवायच्या, हा तिचा जन्माचा धंदा.

त्या दिवशी बागेतून उतरताना मी पुढे बसले होते. मुलगी मागे, पेट्यांवर हात ठेवून. वळणाआधी ह्यांनी ब्रेक दाबला आणि पुढून ‘ठक्’ असा आवाज आला. पुढच्याच क्षणी गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून एसटी येत होती. चालकाने वेळीच कडेला घेतली म्हणून हे लिहायला मी आज बसले आहे. घरी आल्यावर कोणी कोणाशी बोललं नाही. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला. जेवणं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी घरात दोन तट पडले. हे म्हणाले, “भंगारात काढू या.” मामंजी म्हणाले, “गाडीचा दोष नाही, माणसांचा आहे.” एका गॅरेजवाल्याने न वाकताच सांगितलं, “चारी पाटे बदला.” तो खर्च ऐकून मला घामच फुटला. मग मामंजींनी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी काय सांगितलं ते कळण्यासाठी आधी पाटे म्हणजे काय ते पाहू.

पाटे आणि बुश

हायवेवर ‘कमान पाटा’ अशी पाटी लावलेली दुकानं तुम्ही पाहिली असतील. तेच हे पाटे. स्प्रिंगच्या पोलादाच्या लांबट, किंचित वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. सर्वांत लांब पट्टी म्हणजे मुख्य पाटा. बाकीच्या उतरत्या लांबीच्या. सगळ्यांना मधोमध भोक पाडून एका सेंटर बोल्टने गुंफलेलं असतं. ही युक्ती मोटारींपेक्षा जुनी आहे. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट नावाच्या गृहस्थाने बग्गीला असे पाटे लावण्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडच्या टांग्यांनाही पाटेच असत. आणि जीप तुमच्या घरी नसली तरी हा लेख सोडू नका हं! बोलेरोला मागे पाटे असतात, मालाच्या पिकअपला असतात आणि ट्रकला तर असतातच.

मुख्य पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. त्या गोलाला डोळा म्हणू. एका टोकाचा डोळा बोल्टने चासीला पक्का अडकवलेला असतो. दुसऱ्या टोकाला मात्र शॅकल नावाची झोक्यासारखी हलणारी कडी असते. ती का? कारण खड्ड्यात पाटा दबला की सरळ होतो, आणि सरळ झाला की लांब होतो. दोन्ही टोकं पक्की बांधली तर त्याला लांब व्हायला जागाच राहणार नाही.

आता बुश. डोळ्यात रबराची जाड नळी बसवलेली असते, तिच्या आत लोखंडी नळी आणि त्या नळीतून बोल्ट. लोखंडावर लोखंड घासू नये आणि धक्का रबराने गिळावा म्हणून ही सोय. आमच्या जीपला एकेका पाट्यापाशी तीन ठिकाणी असं रबर आहे : दोन डोळ्यांत आणि एक शॅकलच्या वरच्या टोकाला, चासीत. फार जुन्या काही जीपांना रबराऐवजी पेचाचे शॅकल असतात आणि त्यांना ग्रीस द्यावं लागतं. तेव्हा आपल्या गाडीला काय आहे ते आधी पाहून घ्या. रबराला ग्रीस लावलं तर ते फुगून सैल पडतं.

आणि पाटा चाकांच्या दांड्याला, म्हणजे अ‍ॅक्सलला धरून ठेवतात ते यू बोल्ट. एका पाट्याला दोन. ते ढिले झाले की अ‍ॅक्सल पाट्यावर सरकू लागतो आणि सगळा ताण बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो.

मिस्त्रींनी काय दाखवलं

म्हातारबाबा गाडीखाली सरपटत गेले, बॅटरी मारली आणि पहार घालून उजवा पुढचा डोळा हलवला. डोळा चक्क मागेपुढे झाला. मग मला म्हणाले, “वहिनी, वाकून बघा.” बुशाचं रबर चिंध्या होऊन बाहेर आलं होतं. मुख्य पाट्यावर डोळ्याजवळ केसासारखी आडवी चीर होती आणि चिरेत गंजाची तांबडी रेघ. यू बोल्टच्या कडेला लोखंड घासून चकचकीत झालेलं. म्हणजे ब्रेक दाबला की उजवं पुढचं चाक मागे सरकायचं, आणि गाडी उजवीकडे वळायची. एसटीच्या दिशेने!

“पण बुश तर आम्ही डिसेंबरात नवे घातले होते,” मी म्हटलं. खरंच, एका गॅरेजात घातले होते, पावतीही होती. पाच महिन्यांत रबराच्या चिंध्या होतात कशा?

मिस्त्रींनी एक बुश हातात घेतला आणि समजावून सांगितलं. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं आणि पाटे खाली लोंबत असतात. त्याच स्थितीत डोळ्याचे बोल्ट करकचून आवळले, की आतली लोखंडी नळी तिथेच जखडली जाते. मग गाडी खाली उतरवली की वजनाने पाटा सपाट होतो, डोळा फिरतो. पण आतली नळी फिरत नाही. मधलं रबर पिळलं जातं. आपण धुतलेलं लुगडं पिळतो ना, तसं! उभी असतानाही रबर पिळलेलं, चालतानाही पिळलेलं. वरून खड्डे आहेतच. ते टिकेल किती दिवस?

“म्हणून बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी आपल्या चाकांवर उभी राहिल्यावर,” ते म्हणाले. मी हे वाक्य दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं.

काय बदललं, काय राखलं

सपाट अंगणात गाडी उभी करून चारही बाजूंना जमिनीपासून चाकावरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर आम्ही शिवणाच्या टेपने मोजलं. पुढे उजवी बाजू डावीपेक्षा चांगली चार बोटं खाली होती. मागच्या दोन्ही बाजू सारख्या भरल्या. तिथल्या पाट्यांना चीर नव्हती, यू बोल्टपाशी घासल्याची खूणही नव्हती. तेव्हा ठरलं ते असं : पुढचे पाटे जोडीने नवे, बुश मात्र सगळीकडचे नवे आणि यू बोल्टही नवे. चार पाट्यांचा खर्च निम्म्यावर आला.

डावा पाटा धड होता, तो का बदलायचा, हा माझाही प्रश्न होता. नवा पाटा ताठ, जुना थकलेला. एक नवा एक जुना लावला तर गाडी पुन्हा एका अंगाला झुकणार आणि ब्रेक लावताना ओढणार. पाटे नेहमी जोडीनेच. यू बोल्टही जुने लावायचे नाहीत. एकदा आवळून ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तितकी पकड देत नाही.

“जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान द्यावी का?” हे ह्यांनी विचारलं. स्वस्त पडतं आणि पुष्कळजण करतात. पण पाणी नीट दिलं गेलं नाही तर पाटा लौकर बसतो, आणि चीर गेलेल्या पाट्याला तर कमान देऊ नयेच. जादा पाटा घालायचा मोहही आवरा. माल भरला की तो बरा वाटतो, पण रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडते आणि घरच्या म्हाताऱ्यांच्या पाठी मोडतात.

साहित्य

पुढच्या पाट्यांची जोडी; बुश; डोळ्यांचे व शॅकलचे नवे बोल्ट आणि नट; यू बोल्ट; जॅक; चासीखाली लावायच्या दोन मजबूत लोखंडी घोड्या; लाकडी ठोकळे; गंज सोडवायचं तेल; तारेचा ब्रश; आणि साबणाचं पाणी. पाटे घेताना जुन्यांशी लांबी, रुंदी आणि पट्ट्यांची संख्या ताडून पाहा. डावा-उजवा वेगळा आहे का, तेही दुकानदाराला विचारा.

कृती

आदल्या दिवशी सगळे नट-बोल्ट ब्रशाने घासून तेल सोडून ठेवलं. कोकणच्या हवेत लोखंड लोखंडाला असं चिकटतं की विचारू नका. संध्याकाळी पुन्हा एकदा तेल दिलं.

सकाळी मागच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावले आणि हँडब्रेक ओढला. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा सैल केले. मग जॅकने पुढचा भाग उचलून चासीखाली दोन घोड्या लावल्या आणि वजन घोड्यांवर घेतलं. मिस्त्रींनी गाडीला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, मगच पोऱ्याला खाली जाऊ दिलं. मैत्रिणींनो, ही एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली घरच्याच काय, पण गॅरेजच्या पोरालाही जाऊ देऊ नका. हजार किलोच्या वरचं वजन आहे ते. जॅक निसटायला क्षण पुरतो.

मग जॅक अ‍ॅक्सलखाली घेतला, म्हणजे तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं खालचं टोक सोडवलं, यू बोल्ट काढले, शॅकलचा बोल्ट काढला आणि शेवटी पक्क्या टोकाचा. हा शेवटचा बोल्ट काही केल्या निघेना. दोन तास गेले. अखेर कापावाच लागला. म्हणून म्हणते, नवे बोल्ट आधीच आणून ठेवा.

जुने पाटे निघाल्यावर लगेच नवे चढवायची घाई केली नाही. चासीला जिथे पाटा अडकतो ती जागा घासून स्वच्छ केली, चीर किंवा कुजलेला पत्रा नाही ना ते पाहिलं, गंजाचा रंग दिला. ही जागा पुन्हा एवढी उघडी कधी मिळणार?

बुश बसवताना माझी पाळी आली. मिस्त्रींचा पोरगा तेल लावायला निघाला होता. मी साबणाचं पाणी पुढे केलं. बांगडी हातात चढत नसली की आपण काय करतो? तेच! बुश सुळकन आत गेला. साबण वाळून जातो, रबराला अपाय होत नाही.

मग पक्क्या टोकाचा बोल्ट आणि शॅकलचे बोल्ट घातले, नट हातानेच फिरवून ठेवले. जॅक हळूहळू हलवत सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात अचूक बसवलं. ते बसलं नाही तर अ‍ॅक्सल वाकडा राहतो. यू बोल्टचे चार नट थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, म्हणजे पकड सगळीकडून सारखी येते.

एवढ्यात मिस्त्री हात धुवायला विहिरीवर गेले. पोरगा लांब पान्हा घेऊन शॅकलचा नट करकचून आवळायला वाकला. गाडी अजून घोड्यांवरच होती, पाटे खाली लोंबत होते. माझ्या छातीत धस्स झालं. मी म्हटलं, “अरे, तो आत्ता नको आवळू. गाडी खाली आल्यावर.” तो हसला. “वहिनी, आत्ता काय नि मग काय, नट तोच!” हे मला म्हणाले, “तू कशाला मध्ये पडतेस? त्यांचं काम त्यांना करू दे.”

शाळेत चाळीस मुलांसमोर मी मोठ्यानं बोलते. पण चार पुरुषांसमोर, त्यातून पान्ह्याच्या बाबतीत, तोंड उघडायचं म्हणजे जीव घाबरा होतो. क्षणभर वाटलं, जाऊ दे. पण डोळ्यांपुढे ती एसटी आली आणि पेट्यांवर हात ठेवून बसलेली लेक आली. मी जागची हलले नाही. “मिस्त्री येईपर्यंत थांब,” एवढंच म्हटलं.

मिस्त्री आले. त्यांनी नटाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं आणि पोराला म्हणाले, “डिसेंबरात ज्याने आवळलं, त्याच्याजवळ असं कोणी उभं नव्हतं.” ह्यांनी काही न बोलता चाकं लावायला घेतली.

गाडी खाली उतरवली, चाकांचे नट पक्के केले. पुढच्या भागावर जोर देऊन ती चारपाच वेळा खालीवर दाबली आणि हातभर पुढेमागे ढकलली, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. आणि मगच डोळ्यांचे नि शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळले. मागचे बुशही दुसऱ्या दिवशी याच रीतीने घातले.

नंतरची काळजी

नव्या पाट्यांवर गाडी आधी जरा उंच दिसते. थोडी चालली की बसते. ब्रेकची नळी कुठे ताणली जात नाही ना, ते पाहून घ्या. पुढच्या चाकांची दिशा तपासून घ्या आणि दिव्यांचा झोतही, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आम्ही पहिल्यांदा रिकाम्या मैदानात हळू चालवून ब्रेक लावून पाहिला. गाडी सरळ थांबली.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळले, पाचशेला आणखी एकदा. नवे पाटे एकमेकांवर बसले की यू बोल्ट थोडे सैल पडतातच. यात कामाचा दोष नाही. हे पुन्हा आवळणं बहुतेकजण विसरतात. आमच्याकडे विसरलं जात नाही, कारण ती तारीख मी गॅसच्या टाकीच्या तारखेशेजारी कॅलेंडरवर लिहिते.

एवढं तरी पाहाच

तुमच्या घरी जीप, बोलेरो, पिकअप असेल, तर महिन्यातून एकदा पाच मिनिटं काढा. सपाट जागी दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजा. फरक वाढत असेल तर लिहून ठेवा. बॅटरी घेऊन पाट्यांवर आडवी चीर, गंजाची रेघ किंवा बाहेर डोकावणारं रबर दिसतं का ते पाहा. त्यासाठी गाडी उचलायची गरज नाही, बाजूला वाकलं की दिसतं. गाडी सुरू होताना किंवा ब्रेक लावताना ‘ठक्’ ऐकू आलं, किंवा टायर एकाच कडेने झिजू लागला, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

आणि गाडी गॅरेजात दिलीत, तर तीन प्रश्न विचारा : पाटे जोडीने घालणार ना? यू बोल्ट नवे ना? बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळणार ना? चांगल्या कारागिराला अशा प्रश्नाचा राग येत नाही, उलट त्याचा हुरूप वाढतो. ज्याला राग येईल, त्याच्याकडे गाडी देण्याआधी जरा विचार करा.

मी स्वतः गाडीखाली गेले नाही, तुम्हीही जावं असं म्हणत नाही. एक वही घेऊन स्टुलावर बसले, इतकंच. माझ्या शाळेच्या दोन महिन्यांच्या मानधनात काम भागलं, आणि मामंजींची जीप भंगारात गेली नाही. या हंगामात पुन्हा पेट्या भरून ती घाट चढली. मुलगी मागेच बसली होती. त्या वळणावर ह्यांनी ब्रेक लावला, तेव्हा मी नेहमीसारखी दांडी घट्ट धरली; पण गाडी आपल्या डाव्या बाजूने सरळ उतरली.

तुमच्याकडच्या गाडीची काही तक्रार असेल तर जरूर कळवा. पुढच्या खेपेला मिक्सरच्या भांड्याखालच्या रबरी कपलिंगविषयी बोलू. रबर अजून संपलेलं नाही, बरं का!